पान एकशे चार

चहा मी मुद्दाम कपभर जास्त केला होता, वहीवर सांडायला. आणि वहीच जागेवर नव्हती.

एकवीस महिने ती फ्रिजवर, गोळ्यांच्या डब्याशेजारी असायची. त्या रविवारी सकाळी साडेनऊला तिथं नुसता गोळ्यांचा डबा होता. मी फ्रिजमागं हात घालून बघितलं, गादीखाली बघितलं, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, कारण आई आठवड्यातून एकदा तरी काहीतरी तांदळात पुरून ठेवायची. तेवढ्यात फोन वाजला. विल्सनदादाचा निरोप होता : ‘कराड सोडलं. अकरापर्यंत येतो. वही काढून ठेव.’

ती वही दादाच्याच सांगण्यावरून सुरू झाली होती. आईला विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतच जाणार, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी माझ्या या थोरल्या भावानं दोनशे पानी वही आणून माझ्या हातात दिली. ‘रोजचं लिहीत जा, करू. काय खाल्लं, किती झोपली, कधी चिडली. डॉक्टरांना उपयोग होतो.’ मग तो पिंपरीला आपल्या कारखान्यात परत गेला, आणि वही नि आई दोघी मिरजेत माझ्याकडं राहिल्या. सुरुवातीला वहीच्या एका पानात आठवडा मावायचा, पुढं पुढं जेमतेम एक-दोन दिवस. माझं लग्न झालेलं नव्हतं. आईला कुणी सांभाळायचं हे आमच्यात कधी ठरलं नाही. ते सगळ्यांना आपोआपच कळलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडली आणि दादा दर रविवारी फोन करू लागला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, फोनवरून आई त्याहून साजरी.

आई म्हणजे सिस्टर सगुणा लोंढे. मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळात तिनं चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वॉर्डाची मुख्य म्हणून. शिकाऊ मुली तिला लांबून बघून पदर सारखा करायच्या आणि तरणे डॉक्टर सिगारेट विझवायचे. वही घरात आली तेव्हा तिचं डोकं अजून बरंच जागेवर होतं. तिनं ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि एका बैठकीत एक ते दोनशे आकडे पानांच्या कोपऱ्यात घातले, एकही न चुकता. ‘रिपोर्ट बुकाला नंबर पाहिजेत,’ ती म्हणाली. ‘म्हणजे कुणाला पान फाडता येत नाही.’

आणि मला नेमकं एक पान फाडायचं होतं. पान एकशे चार.

त्या पानावर मी आईला मारलं होतं. बारा दिवसांपूर्वीची दुपार. मोरीत अंघोळ घालताना ती माझ्या मनगटाला चावली आणि मी तिच्या गालावर दोन थपडा दिल्या. पहिली रागाची म्हणता येईल. दुसरी का दिली ते मला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी मी ते वहीत लिहून टाकलं. लिहिलंसच कशाला, असं कुणीही विचारेल. पण लहानपणापासून घरात एकच पाढा ऐकलेला : केलं ते लिहायचं, लिहिलेलं खोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी अनितावहिनीनं फोनच्या पडद्यावर आईच्या गालावरचा वण बघितला. पडली, असं मी सांगितलं. वहिनी काही बोलली नाही. आणि ती बोलत नाही तेव्हा दादा गाडी काढतो.

‘पुण्यात अशा पेशंटना ठेवून घेणारी एक संस्था बघितलीय मी,’ तो फोनवर म्हणाला होता. ‘चांगली आहे. वही बघू, डॉक्टरांना दाखवू, मग ठरवू.’ त्यानं ते पान वाचलं असतं तर आई त्याच गाडीतून पुण्याला गेली असती, आणि मी जन्मभर आईवर हात टाकणारी मुलगी म्हणून राहिले असते. या दोन्हींतली कुठली भीती मोठी होती, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. फाडलं तर पाठीमागचं एकशे तीनही गेलं असतं आणि एकशे दोननंतर एकदम एकशे पाच आलं असतं. म्हणून चहा.

आई मधल्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी बसली होती. कपाटातलं जुनं पांढरं पातळ काढून नेसली होती, निऱ्या भलत्याच बाजूला गेल्या होत्या. वही तिच्या डाव्या कोपराखाली होती.

‘आई, ती वही दे बरं इकडं.’

तिनं मान वर केली. ‘कोण पाहिजे तुम्हाला?’

‘वही पाहिजे. मी करू. करुणा.’

‘रिपोर्ट बुक नातेवाइकांना मिळत नाही. काय विचारायचं ते डॉक्टरांना विचारा.’

एरवी ती मला कधी कामवाली समजायची, कधी तिची धाकटी बहीण. त्या दिवशी मी नातेवाईक झाले, आता कुणाची ते तिलाच ठाऊक. मी खारी आणि चहा आणून समोर ठेवला. खारीसाठी ती कुठलीही गोष्ट सोडायची. तिनं बशी बोटानं लांब सारली.

‘ड्यूटीवर खात नाही मी.’

मग मला वाटलं, मी हुशारी केली. केस बांधले, पदर खोचला, मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं आत आले. ‘गुड मॉर्निंग, सिस्टर. मी दुपारच्या ड्यूटीची. चार्ज घ्यायला आलेय.’

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ‘नाव?’

‘करुणा लोंढे.’

‘लोंढे? कुठले लोंढे?’

‘इथलेच, सिस्टर. मिरजेचे.’

‘हं. किती वाजले?’

‘दहा,’ मी म्हणाले. दोन म्हणायला माझं काय जात होतं! पण त्या आवाजापुढं मला खरंच सांगायची सवय.

‘दुपारची ड्यूटी दोनला. चार तास आधी चार्ज मागायला आलेली पोरगी मी पहिल्यांदाच बघते. बस तिकडं.’

मी बसले. वीस मिनिटं कशीबशी काढली आणि म्हटलं, मघाचं विसरली असेल. ‘सिस्टर, दोन वाजले.’

तिनं दाराबाहेर हात केला. ‘ऊन पायरीवर आहे अजून. दोनला ते कुंपणापाशी जातं.’ पोटच्या पोरांची नावं तिच्या डोक्यातून गेली होती, पण दोन म्हणजे दोन.

दहा पस्तीसला माझा धीर सुटला. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि कोपराखालची वही ओढली. तिनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. सोडवून घ्यायला मी हात वर केला, नुसता वर केला, आणि आईनं डोळे गच्च मिटले, मान फिरवली आणि खांदा गालापर्यंत उचलून घेतला.

मी हात खाली घेतला. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. ती दुपार तिला आठवत नव्हती, त्या दिवशीही संध्याकाळपर्यंत ती विसरून गेली होती. पण अंग विसरलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मला माझी इतकी लाज वाटली की आता दादानं येऊन वाचावंच असं क्षणभर वाटून गेलं. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि ते धैर्य जागच्या जागी मेलं.

दादा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आत आला. सफरचंदं, लंगोटांची दोन मोठी पाकिटं, एक नवी शाल. ‘कशी आहे?’

‘ड्यूटीवर आहे.’

तो हसला. मग हसू तसंच ठेवून म्हणाला, ‘पडली कुठं म्हणालीस?’

‘मोरीत.’

‘गालावर पडली?’

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, याला सगळं कळलंय आणि हा माझी मजा बघतोय. ‘घसरली. नळाला लागलं.’

‘वहीत असेल की.’

‘वहीत आहे,’ मी म्हणाले. एवढं तरी खरं होतं. ‘वही तिच्याकडं आहे. देत नाही.’

‘देत नाही म्हणजे? थांब.’ तो आत गेला, आईसमोर वाकला. ‘आई, मी विल्सन. आलो बघ.’

आई त्याच्या टकलाकडं बघत राहिली. ‘विल्सन माझा तिसरीत आहे. शाळेत गेलाय. तुम्ही बाहेर बसा, भेटायची वेळ चारला.’

दादा बाहेर येऊन पायरीवर बसला. चष्मा काढून त्यानं उगाचच पुसला. ‘फोनवर तर ओळखते मला. दर रविवारी म्हणते, बाळा जेवलास का.’

‘मी शेजारी बसून सांगते, दादा. विल्सन आहे, जेवलास का म्हण, म्हणून.’

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता सांगून टाकावं, वहीआधी माझ्या तोंडून जावं. ‘दादा, मला तुला एक सांगायचंय.’

पण तो उठला होता. कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली असलेला माणूस, युक्ती सुचली की त्याला दम निघत नाही. मी बाही धरली. ‘दादा, आधी ऐक.’

‘नंतर.’ त्यानं शर्ट सारखा केला, घसा खाकरला आणि दारात उभं राहून मोठ्यानं म्हणाला, ‘सिस्टर! राउंड.’

आई इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागं कलंडली. कित्येक महिन्यांत तिला अशी ताठ उभी राहिलेली मी बघितली नव्हती. ‘गुड मॉर्निंग, डॉक्टर.’

‘पेशंटचा रिपोर्ट द्या.’ दादानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

तिनं वही उघडली, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागली. वॉर्डातला तो आवाज मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा ऐकलेला होता, स्वच्छ, कुठंही न अडखळणारा. ‘पान एकशे एक. आईनं सकाळी दोन घास उपीट खाल्लं. दूध ओतून दिलं. आई दुपारी—’ ती थांबली. ‘आई काय? कुणी लिहिलंय हे? पेशंट लिहायचं. शिस्तच राहिली नाही, डॉक्टर.’

‘चालू द्या, सिस्टर.’

एकशे दोन. आई आरशाशी भांडली. एकशे तीन. आई पायात चपला न घालता चर्चपर्यंत गेली, तिथल्या बायकांनी आणून सोडली. दादा मान हलवत ऐकत होता, हसत होता, मधेच माझ्याकडं बघत होता, जणू मी एखादी गंमत लिहून ठेवलीय. मी दाराची चौकट धरून उभी होते. तिनं अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

‘पान एकशे चार. दुपारी तीन दहा. आईला अंघोळीला नेलं. आई ओरडली. माझ्या मनगटाला चावली. मी आईच्या गालावर मारलं. दोनदा. मग अंघोळ पुरी केली, पावडर लावली. आई झोपली.’

ताप आणि नाडी सांगावी तसं तिनं ते सांगितलं.

दादाचं हसू जायला थोडा वेळ लागला. ‘करुणा?’ तो म्हणाला. तो मला कधी करुणा म्हणत नाही. त्या एका शब्दात संस्था, गाडी, वहिनी, सगळं आलं.

‘थांबा, डॉक्टर.’ आईचं बोट त्या ओळीवरच होतं. ‘हे “मी” कोण? खाली सही नाही.’

गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ती प्रश्न विचारून वाट बघत होती, आणि त्या नजरेपुढं मी जन्मात कधी खोटं टिकवलेलं नाही. ‘मी, सिस्टर.’

‘पेशंटवर हात टाकलास?’

‘हो.’

‘म्हातारी बाई. ती काय करते ते तिला कळत नाही. माहितीय ना तुला?’

‘माहितीय.’

‘आणि तुला कळत होतं.’

‘हो, सिस्टर.’ मला रडू फुटलं. बारा दिवस आलं नव्हतं ते.

‘बस झालं हे,’ दादा म्हणाला. ‘आई, चल. करुणा, तिचे कपडे भर. आजच्या आज मी हिला—’

आईनं तळहात टेबलावर आपटला. बशीतली खारी उडाली. ‘डॉक्टर, माझा रिपोर्ट संपलेला नाही!’

दादा दोन पावलं मागं सरला. लहानपणी त्या आवाजाला सरायचा तसाच.

तिनं पानं मागं उलटायला सुरुवात केली. एकशे चारवरून नव्वद, साठ, तीस, एक एक पान. मधेच थांबून बोटानं काहीतरी बघायची. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पहिल्या पानाशी आल्यावर तिनं मला विचारलं, ‘ड्यूटी कधीपासून तुझी?’

‘पहिल्या पानापासून.’

‘रिलीव्हर कोण तुझा? तुझ्या जागी कोण येतं?’

‘नाही कुणी.’

‘नाही म्हणजे? आजारी आहे?’

‘नाही, सिस्टर. नेमलाच नाही कुणी.’

तिनं वही उचलली आणि दादाच्या नाकासमोर धरली. ‘हे बघा, डॉक्टर. एक ते एकशे बारा. सकाळ, दुपार, रात्र. सगळं एकाच अक्षरात. इथं बघा, ओळ सरळ आहे. इथं बघा, अक्षर ओळीवरून घसरायला लागलंय. इथं तर पेन हातातून सुटलंय. आणि मग हे, एकशे चार.’ तिनं दम घेतला. ‘संपात मी अठ्ठेचाळीस तास केलेत, सलग. शेवटी भलत्याच पेशंटला सुई देत होते. आयाबाईनं हात धरला म्हणून तो माणूस वाचला. अठ्ठेचाळीस तास, डॉक्टर. हिचे किती झाले?’

ही गोष्ट तिनं आम्हाला कधीच सांगितली नव्हती. दादानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

‘हिला मी सोडणार नाही,’ आई म्हणाली. ‘चूक ती चूक. मेट्रनकडं लेखी जाईल. पण आधी मला हे कळू दे, ही ड्यूटी लावली कुणी?’

आई वाट बघत उभी होती. एक हात टेबलावर टेकला होता, पण ती बसली नाही. दादानं एकदा दाराकडं बघितलं, त्या लंगोटांच्या पाकिटांकडं बघितलं, सफरचंदांकडं बघितलं.

‘मी लावली, सिस्टर,’ तो म्हणाला.

‘मग रिलीव्हर येईपर्यंत तुम्ही थांबायचं. चार्ज घ्या. तारीख, वेळ, नाव. नीट वाचता येईल असं.’

तिनं त्याच्यापुढं वही ठेवली. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि एकशे बाराव्या पानावर, माझ्या अक्षराखाली, सही केली. लिहिताना त्याच्या चष्म्यावर टिपं पडत होती आणि तो ती पुसत नव्हता. आईनं वाकून वाचलं. ‘विल्सन लोंढे.’ तिनं नावावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. ‘अक्षर बरं आहे,’ ती म्हणाली, आणि तेवढंच.

याला आता आठ वर्षं झाली. दादा त्या खेपेला अकरा दिवस राहिला. चौथ्या दिवशीची त्याची नोंद आहे : ‘आज मी आईवर इतका ओरडलो की शेजारचे आले.’ संस्थेचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. महिन्यातला एक आठवडा तो यायचा, कधी कुरकुरत, कधी वहिनीशी भांडून. आई आणखी तीन वर्षं होती. ती सकाळ तिला दुपारच्या जेवणापर्यंतही आठवली नाही, आणि मला मात्र अजून सगळी पाठ आहे.

पण हे नंतरचं. त्या वेळी तिनं वही मिटली, दादाच्या हातात दिली आणि टेबलाला धरत धरत माझ्यापाशी आली. माझं मनगट हातात घेऊन उजेडाकडं फिरवलं. दातांच्या खुणा अजून पिवळसर होत्या.

‘पेशंट चावला की टिटॅनसचं घ्यायचं असतं. कुणी सांगितलं नाही तुला?’

‘नाही, सिस्टर.’

‘घे जाताना.’ मग तिचा आवाज उतरला, वॉर्डातला राहिला नाही. ‘जा आता. दोन वाजले नसले तरी जा. चार्ज यांनी घेतलाय.’

‘कुठं जाऊ?’

‘कुठं म्हणजे? घरी जा की.’ माझ्या कपाळावर आलेले केस तिनं बोटांनी मागं सारले. ‘किती दिवस गेली नाहीस बाई. आई वाट बघत असेल तुझी.’